पडताळणीस गिरमाजी राघो यांनी अवेळी फोन केला त्याची हकीकत

॥ श्रीशिक्का समर्थ ॥

ज्याच्या उमटण्याने कागद खरा होतो आणि न उमटण्याने माणूस खोटा ठरतो, त्या श्रीशिक्क्यास आधी दंडवत. मग शाईस, मग टाचणीस, मग कचेरीच्या दारातील बाकास, ज्यावर बसून कित्येकांची उमेद विझली. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, पाहुण्यांचा हंगाम ऐन भरात असता परमुलखी आचारीण दिलमाया इजवर जो प्रसंग गुजरला, तो कसा गुजरला म्हणोन ज्यांनी पुसिले, त्यांस आता कळून काडीचा उपयोग नाही. तरी पुसिले, सबब लिहिले आहे.

समुद्रकाठी एक राज्य. नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्यात पीकपाणी बेताचे, परंतु किनारा रूपवान, त्याजमुळे थंडीचे दिवसांत देशोदेशीचे पाहुणे येत आणि वाळूवर उघडेबोडके पडून राहत, आणि त्यांस निजावयास खोल्या व खावयास मासळी लागे, म्हणोन किनाऱ्यास हॉटेलांमागून हॉटेले उठली, आणि हॉटेलांस माणूस पुरेना. कारण राज्यातील पोरे शिकून कचेऱ्यांत बसली होती, आणि ज्यांस कचेरीत जागा नव्हती ती जागा मिळण्याची वाट पाहत घरी बसली होती. खरकटी ताटे उचलावयास कोणी राजी नाही. मग उत्तरेकडील डोंगरी मुलखातून माणसे येऊ लागली, बिचारी थंडीत येत आणि उन्हाळ्यात परत जात, आणि त्यांस हंगामापुरते दस्तक, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळे. सर्व सुरळीत होते. मग एके साली परराज्याचे वकील मेजवानीस आले, आणि 'बहुत वर्षांचा अनुभवी आचारी' असा दाखला बाळगणाऱ्या एका गृहस्थाने त्यांस कच्चे कालव खाऊ घातले, आणि वकील अंथरुणास खिळले, आणि तहाचा मसुदा लांबला, आणि चौकशी होता असे निघाले की सदरहू गृहस्थाने जन्मात चूल पेटविली नव्हती, तो बसगाड्या धूत असे. सरकारची मोठी इतराजी जाहली. मग हुकूम सुटला की यापुढे परमुलखी चाकराचा प्रत्येक दाखला पडताळून घ्यावा, आणि त्यासाठी कचेरी बसविली, आणि पडताळणाऱ्यास 'पडताळणीस' असा हुद्दा दिला.

पडताळण्याची चाल अशी ठरली. दाखल्यावर ज्या धन्याची सही असेल त्यास कचेरीतून फोन करावा. फोन सकाळी अकरा ते बारा एवढ्यातच करावा, कारण अकराच्या आत कचेरी जमत नसे आणि बारानंतर डबे उघडण्याची गडबड सुरू होई. तीन दिवस, रोज एक फोन. दप्तरदार समक्ष असावे आणि धन्याचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा लावावा. प्रश्न एकच: 'सदरहू इसम आपले येथे नोकर होता काय?' उत्तराचा पहिला शब्द लिहावा, पुढील बडबड लिहू नये. दुसरा प्रश्न विचारू नये, दुसरा प्रश्न म्हणजे पढविणे. आता पहिला शब्द 'होय' आला तर दस्तक कायम. फोन कोणी उचललाच नाही तर 'निरुत्तर' असा शेरा, म्हणजे चाकराने हंगाम पुरा करावा, घरी जावे, आणि पुढील साली नवा अर्ज घेऊन यावे. आणि 'नाही' आला तर कागद बनावट, माणूस लबाड, आठवड्याचे आत सरहद्दीपार, आणि जन्मात पुन्हा या राज्यात पाऊल नाही. धन्य ती अक्कल! चाळणी अशी बारीक विणली की तांदूळ खाली गेले आणि खडे वर राहिले.

कारण काय, की राज्यात रायाजी दलाल म्हणोन एक गृहस्थ होते, गोड बोलणारे, येताजाता सर्वांस काका-मामा म्हणणारे. यांनी बाजारपेठेत एक खोली घेतली आणि तीत एक माणूस बसवून त्याजपुढे फोनांची रांग मांडली. रायाजींनी विकलेला दाखला कोणत्याही हॉटेलचा असो, वाळवंटातील असो की बेटावरील, खालचा फोन नंबर या खोलीचा. अकरा वाजता घंटा वाजली की तो माणूस लगेच उचले आणि म्हणे, "होय होय, उत्तम नोकर, सोन्यासारखा!" आणि शिंके. त्यास शिंकांचा आजार होता. आज वाळवंटाचा धनी शिंके, उद्या बेटाचा धनी शिंके, परवा बर्फाच्या मुलखातील धनी शिंके, आणि रायाजींची माणसे धडाधड पास होत. आणि जो खरा धनी, तो अकरा वाजता भातास वाफ आणीत असे, कणीक तिंबीत असे, गिऱ्हाइकांवर खेकसत असे. तो कशास फोन उचलतो!

पडताळणीस होते गिरमाजी राघो. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली, लेक सासरी. माणूस सरळ, इतका की बाजारात कोणी जुडीत एक काडी जास्त दिली तरी परत करावयास जाई. शिंकांचा मजकूर यांच्याच ध्यानी आला, आणि यांनी दप्तरदार अंबाजीपंतांस अर्ज केला की सर्व धन्यांस एकच शिंक येते, हे कसे? अंबाजीपंत म्हणाले, "गिरमाजी, थंडीचे दिवस आहेत. शिंक कोणास येत नाही?" आणि अर्ज बाजूस सारला. अंबाजीपंत दुष्ट नव्हते हो. कालवांच्या प्रकरणात यांच्या आधीच्या दप्तरदारांची नोकरी गेली होती आणि ते हल्ली देवळापुढे फुले विकीत, आणि अंबाजीपंत रोज त्याच वाटेने कचेरीस येत. भ्याला माणूस, दुसरे काय! मग गिरमाजींनी शिंकांवर 'होय' लिहिणे पत्करिले, परंतु जेवण गोड लागेनासे जाहले.

तेसमयी दिलमाया हिचा दाखला आला. दिलमाया डोंगरी मुलखातील, वय पस्तिशीचे आतबाहेर, बोलणे थोडे, हसणे मोठे. तिकडे एका खिंडीत टेकनारायण नावाचे म्हातारे प्रवाशांसाठी जेवणाचे घर चालवीत, तेथे तिने दहा-बारा वर्षे चूल सांभाळली होती, आणि यंदा किनाऱ्यावरील एका हॉटेलात हंगामी आचारीण म्हणोन आली होती. आली ती हौसेने नव्हे. तिचा नवरा हर्कबहादुर याच हॉटेलात कायम दस्तकावर बारमाही चादरी धूत असे, आणि लग्न झाल्या वर्षापासून तो इकडे आणि ती तिकडे, वर्षातून चार दिवसांची भेट, असा यांचा संसार. यंदा प्रथमच दोघे एका छपराखाली आले. छप्पर तरी कसले, धुण्याच्या खोलीमागे पत्र्याचा आडोसा, परंतु दिलमायाने त्यास जुन्या चादरीचा पडदा केला आणि पडद्यास काठ शिवला, आणि हर्कबहादुर ज्यास त्यास हात धरून तो काठ दाखवावयास नेई. दस्तक कायम जाहले तर हे घर कायम, नाही तर पुन्हा तो इकडे आणि ती तिकडे, एवढेच त्या दाखल्यावर टांगलेले होते.

गिरमाजींनी पहिला फोन केला. घंटा वाजून वाजून थकली. दुसरे दिवशी दुसरा, तीच गत. तेव्हा दिलमाया बाकावरून उठोन आली आणि म्हणाली, "साहेब, या वेळेला टेकनारायण बाबा उचलणारच नाही. अकराला बस येते. साठ माणसं एकदम जेवायला बसतात. फोन पिठाच्या डब्यामागं असतो, कोणाला ऐकू येतो? तीनला करा. तेव्हा बाबा उन्हात पाय सोडून बसतो, फोन मांडीवर घेऊन बसतो."

"तीन वाजता करण्याची चाल नाही, बाई," गिरमाजी म्हणाले.

"मग बाबाला सांगू का, उद्या बस उपाशी ठेव म्हणून?" असे म्हणोन ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग गिरमाजी अंबाजीपंतांकडे गेले आणि उभ्यानेच म्हणाले, तिसरा फोन दुपारी तीन वाजता करण्याची परवानगी व्हावी. अंबाजीपंत चहा बशीत ओतीत होते, ते थांबले. म्हणाले, "अहो, कशास नसती उठाठेव? 'निरुत्तर' आले तर बाईचे काय बिघडते? हंगामभर राहील, पुढील साली पुन्हा येईल." गिरमाजी म्हणाले, "पुढील साली पुन्हा अकरा वाजताच फोन करणार ना आपण? पुन्हा बस येणार. जन्मभर बस येणार. दलालाची माणसे एका शिंकेत पास होतात आणि ही खरी बाई दारात बसून झिजते. मजला आता बघवत नाही, पंत. या चार वर्षांत एक तरी 'होय' खरा लिहू द्या." पंतांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतिला. मग म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." गिरमाजी म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर." आणि बाहेर येऊन, जे कधी कोणास सांगू नये ते दिलमायास सांगितले, की तुझे काम जाहले समज. ती धावत गेली ती हॉटेलात, आणि असे ऐकतो की त्या सायंकाळी तिने हॉटेलातील सर्व डोंगरी माणसांस आपल्या हातची आंबट आमटी करून घातली आणि हर्कबहादुर नाचला.

दुसरे दिवशी दुपारी तीनास कचेरी भरली. अंबाजीपंत खुर्चीवर, कारकून भिंतीस टेकून, गिरमाजी फोनापाशी. घंटा वाजली न वाजली तोच पलीकडून फोन उचलला आणि म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बोला!" गिरमाजींस असे वाटले की आपणच हर्कबहादुर आहो, आता नाचावे. तरी आवाज सांभाळून, ठरल्याप्रमाणे विचारिले, "दिलमाया नामे बाई आपले येथे नोकर होती काय?"

"नाही!" म्हातारा म्हणाला.

आणि म्हातारा पुढे बोलतच राहिला, मोठ्या उमाळ्याने बोलत राहिला. म्हणाला, "कोण म्हणतो नोकर? नोकर नाही हो साहेब, लेक आहे माझी! मी तुमच्याच किनाऱ्यावर तरुणपणी भांडी घासली. तुमची बोली तिथंच शिकलो. मला नावानं कोणी हाक मारली नाही, 'ए नोकर' म्हणायचे, अन् जेवायला पायरीवर बसवायचे. तेव्हाच ठरवलं, माझं घर होईल तेव्हा हा शब्द उंबऱ्याच्या आत येणार नाही. दिलमायानं माझी चूल धरली, माझी म्हातारी आजारी होती तर तिचं सगळं केलं. कोठीची किल्ली तिच्या कमरेला असायची. आम्ही एका ताटाला बसलो. पगार दिला तो लेकीला देतात तसा हातात दिला. तुम्ही पण तिला नोकर म्हणू नका हं! आणि साहेब, मी चांगलं बोललो ना? तिचं काम होईल ना?"

गिरमाजी "बाबा," एवढे म्हणाले, तोच अंबाजीपंतांनी हात पुढे करून फोन बंद केला. मग कारकून भिंतीपासून सरळ उभा राहिला. अंबाजीपंत म्हणाले, "पहिला शब्द?" गिरमाजींनी टाक खाली ठेविला. पंत पुन्हा म्हणाले, "गिरमाजी, पहिला शब्द कोणता?" तेव्हा गिरमाजींनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "पंत, आपण सर्व ऐकिलेत. चूल, किल्ली, पगार सुद्धा ऐकिला. याहून खरा धनी या फोनवर कधी आला होता काय?"

"नाही आला," पंत म्हणाले. "मी ऐकले. माझे मन काय दगडाचे आहे? पण कारकुनानेही 'नाही' ऐकले, आणि कारकुनाचा मेहुणा सरकारी वाड्यावर आहे."

"मग 'निरुत्तर' लिहितो. फोन उचललाच नाही म्हणोन लिहितो. पुढील साली तरी येईल."

"उत्तर आले आहे, गिरमाजी," पंत खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्हीच ते आणविलेत. मी नको म्हणत होतो."

हा घाव वर्मी बसला. अहो, खरेच होते ते! अकरा वाजता फोन केला असता तर म्हातारा कणकेत असता आणि दिलमाया हंगामभर नवऱ्यापाशी असती, आणि पुढील सालाची आशा असती. ज्याने तिचे भले चिंतिले त्यानेच वेळ साधून तिचे घर मोडिले. आणि म्हाताऱ्यास तरी काय दोष द्यावा? ज्या राज्याने त्यास 'नोकर' या शब्दाचा वीट आणिला, त्याच राज्याने आता त्याजकडून तोच शब्द मागितला, आणि न मिळाला म्हणोन त्याच्या लेकीस लबाड ठरविले. गिरमाजींनी टाक उचलिला आणि 'नाही' असे लिहिले, आणि शिक्का उमटला. मग त्यांनी थेट सरकारास अर्ज केला, मोठा विनवणीचा अर्ज, त्यास उत्तर आले की 'विचार होईल'. ते उत्तर आले तोवर दिलमाया सरहद्दीपार जाऊन चुकली होती.

तिला सांगण्याचे काम गिरमाजींनी कोणास करू दिले नाही, स्वतः हॉटेलाच्या मागल्या दाराशी गेले. जे घडले ते सर्व सांगितले. ती आधी हसली, म्हणाली, "बाबा असंच बोलणार. कोणी नोकर म्हटलं की बाबा भांडायला उठतो." मग हळूहळू तिच्या ध्यानी आले, तशी ती पायरीवर बसली. हर्कबहादुर ओल्या हातांनी तसाच उभा होता, हातांचे पाणी गळत होते, आणि तो गिरमाजींस म्हणाला, "साहेब, ते तर चांगलं बोलले ना?" गिरमाजी म्हणाले, "फार चांगले बोलले." आणि मान खाली घातली. हर्कबहादुर म्हणाला, मी पण जातो हिच्यासंगे. दिलमाया म्हणाली, "आणि घरी तुझ्या आईच्या औषधाचं काय?" आणि तो विषय तेथेच संपला.

मग दिलमाया उठली आणि गिरमाजींस म्हणाली, "एक काम करा माझं. बाबाला हे कधी सांगू नका. त्याच्या बोलण्यानं माझं घर गेलं हे कळलं तर तो म्हातारा जगणार नाही. त्यानं माझा मान राखला. मी आता खिंडीत परत जाणार नाही, गेले तर त्याला कळेल. कुठंतरी दुसरीकडं जाईन. बाबाचा फोन आला तर सांगा, काम झालं." गिरमाजी होय म्हणाले. दुसरे काय म्हणणार! ज्या दिवशी तिला गाडीत बसविले त्या दिवशी हर्कबहादुराने पडद्याचा काठ उसवून तिच्या पिशवीत घातला, आणि पडदा पुन्हा चादरींच्या ढिगात टाकिला. त्याच दिवशी अकरा ते बारांत रायाजी दलालाची मोटारभर माणसे दाखले पडताळून घेण्यास आली, आणि पलीकडचा धनी दर माणसामागे एकदा शिंकला, आणि सर्वांस दस्तक मिळाले, आणि गिरमाजींनी सर्वांवर 'होय' लिहिले.

पुढे थोड्या दिवसांनी, दुपारी, कचेरी पेंगत असता फोन वाजला. गिरमाजींनी उचलिला. म्हातारा होता. म्हणाला, "साहेब, मी टेकनारायण, खिंडीतला. त्या दिवशी बोलणं मधेच तुटलं. लेकीचं काम झालं का?"

गिरमाजींनी खोलीकडे पाहिले. पंत खुर्चीत झोपले होते. म्हणाले, "होय."

"झालं? मी म्हणालोच होतो! मी चांगलं बोललो ना?"

"होय बाबा, आपण बोललात म्हणूनच झाले."

"मग फोन का करत नाही पोरगी?"

"हंगाम आहे, बाबा. पाहुणे फार आहेत. तिला चांगली खोली दिली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. नवराही तेथेच असतो." आणि एकदा सांगू लागले ते सांगतच गेले, की खिडकीस पडदा आहे, पडद्यास काठ आहे, संध्याकाळी दोघे वाळूवर फिरावयास जातात. जन्मात ज्याने कोणाची एक काडी जास्त घेतली नाही, तो माणूस बसल्या जागी फोनात एक सबंध घर बांधीत होता. पलीकडे म्हातारा 'अस्सं, अस्सं' म्हणोन ऐकत होता आणि मध्येच पोट भरल्यासारखा हसत होता. शेवटी म्हणाला, "तिला सांगा, इकडं बर्फ पडलं. आणि सांगा, कोठीची किल्ली मी कोणाला दिली नाही. तिच्याच खुंटीला आहे. येईल तेव्हा येऊ दे."

"होय," गिरमाजी म्हणाले. "सांगतो."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दिलमाया कोणत्या मुलखी चूल पेटवते हे दप्तरी नाही. हर्कबहादुर चादरी धुतो. रायाजी दलालांस पडताळणीच्या कामी सरकारास मदत केली म्हणोन शाल व श्रीफळ मिळाले. म्हातारा अद्याप फोन करतो, आणि गिरमाजी दुपारी तीनास फोनापासून हलत नाहीत. जैसे ऐकिले तैसे लिहिले. कोणास यात काही खोटे वाटेल तर त्याने खिंडीत फोन करून पडताळून घ्यावे. मात्र अकरा ते बारा या वेळातच करावा, म्हणजे कोणी उचलणार नाही आणि म्हाताऱ्याचे सुख तेवढे शाबूत राहील.